डाव्या हाताला किल्ला

"अरे कैलासजी, उस दिन बोट पे आप पूरा टाइम उलटा बोल रहे थे," हरेश म्हणाला आणि स्वतःच्याच मांडीवर थाप मारून हसला. मी त्याच्या दुकानातल्या आरामखुर्चीत पाय लांब करून, डोळे मिटून बसलो होतो, खुर्ची कशी आहे ते बघायला. तसाच राहिलो. "आप लेफ्ट बोले तो किल्ला राइट में. राइट बोले तो लेफ्ट में! मेरी मिसेस बोली, निकालो कान से ये डब्बी, ये आदमी गर्दन तुडवाएगा." पुन्हा हसला. "हमने निकाल दी. सबने निकाल दी थी. फोटो खींचने का था ना. पर खाना, साईं, फर्स्ट क्लास! नदी के बीच में गरम दाल-चावल, ऊपर से लिंबू का अचार!"

मी हसलो. हसायचंच असतं. बावीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून युरोप फिरवतोय लोकांना. पाहुणा काहीही बोलला की आधी हसायचं आणि मग तो काय बोलला याचा विचार करायचा, हे अंगात मुरलंय. हरेश गेल्या मे महिन्यात माझ्या टूरवर होता. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्याचं दुकान, हे मला तेव्हा बसमध्ये निदान तीस वेळा ऐकवलेलं, म्हणून तर खुर्ची घ्यायला त्याच्याकडे आलो. ओळखीचा माणूस, फसवणार नाही. त्यानं फसवलं नाहीच. डबी म्हणजे आमच्या धंद्यातलं एक साधं यंत्र. माझ्या गळ्यात माइक, पाहुण्यांच्या कानात रिसीव्हर, मी पुढे चालत बोलतो आणि शंभर पावलं मागे रेंगाळणाऱ्या काकांना कानात ऐकू येतं. मी डोळे न उघडता विचारलं, "सबने निकाल दी थी?" "सबने. आप नीचे थे, आपको क्या मालूम! आपका रेडिओ अकेला बजता था." आणि मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं तोच किस्सा सिंधीत सांगितला. तोही हसला. मला तेवढ्यात घाम फुटला, डिसेंबरचे दिवस असून. सगळ्यांनी नव्हती काढली. शेहेचाळीस माणसांत एक बाई होती, जिनं धक्क्यावर उतरेपर्यंत ती डबी कानातून काढली नाही. ती माझी बायको.

खुर्ची तिच्यासाठीच घेत होतो. संजीवनी आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बालवाडीत एकोणीस वर्षं बाई होती. आमच्या बाजूची अर्धी तरणी पोरं तिच्या हाताखालून गेली आहेत, बाजारात मिशा फुटलेले बाप्ये तिला "बाई, बरंय ना?" करतात. जूनमध्ये तिनं शाळा सोडली. तेव्हापासून घरी. सकाळी गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते, वाटाणे सोलते, संपले की हात मांडीवर ठेवून नुसती बसते. ते बघवत नाही मला. निदान पाठ टेकायला नीट खुर्ची तरी असावी, एवढाच माझा विचार. मी तिला बसायची सोय करून देत होतो, आणि मोठा उपकार करतोय अशा थाटात करत होतो, बोला.

तिला काचबिंदू आहे. चार वर्षांपूर्वी कळलं. कडेकडेचं दिसणं गेलेलं, मधलं शाबूत. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, परत येणार नाही, थेंब चुकवू नका म्हणजे आहे ते टिकेल, दर सहा महिन्यांनी मशीनवर तपासणी करा. आणि उठता उठता त्यांनी अजून एक सांगितलं. "ताई, जिथलं गेलंय तिथे काळं दिसेल अशी वाट बघू नका. मेंदू लबाड असतो. शेजारचं उचलतो आणि तिथे भरतो. भिंत असली तर भिंत, झाडी असली तर झाडी. तिथली वस्तू नाहीशी होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही." मी मान हलवली, फी दिली, बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एक दिवस माझ्या वर्गातलं पोर दिसेनासं होणार आणि मला मागची भिंत दिसणार. आणि मी सांगणार, सगळे हजर." मी तेव्हाही हसलो होतो. आणि म्हणालो, "तुला ऱ्हाईन दाखवतो. पुढच्या वर्षी नक्की."

ऱ्हाईनच का, तर तिचं ते जुनं खूळ. ती बालवाडीत लागली त्या वर्षी मी टूरचं माहितीपत्रक घरी आणलं, त्यात नदी, वर द्राक्षांचे उभे मळे आणि टोकावर शंकूसारख्या छपरांचा किल्ला. तिनं तो कात्रीनं कापला आणि बालवाडीच्या तक्त्यावर चिकटवला. क किल्ल्याचा. बाकी शाळांतून क कमळाचा असतो, हेंद्रेपाड्यात मात्र एकोणीस वर्षं पोरं जर्मनीतला किल्ला बघून क शिकली. एकदा एका बापानं हरकत घेतली की बाई, आपले रायगड-राजगड काय वाईट आहेत का. तर ही म्हणाली, "त्यांचं छप्पर कुठे राहिलंय चित्रात काढायला? पोरांना छप्पर लागतं." दर वर्षी मी परत आलो की विचारायची, किल्ला होता ना जागेवर? मी म्हणायचो, होता. आता खरं सांगायला काय हरकत आहे, दर वर्षी मी बोटीवर डोकी मोजत असायचो, कुणाचं औषध बसमध्ये राहिलं म्हणून धावत असायचो, कुणाची सून कुणाच्या सासूशी बोलत नाही म्हणून मध्ये बसत असायचो. चाळीसेक वेळा त्या नदीतून गेलो असेन. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पाठ केलेलं सगळं येतं: मांजराचा किल्ला, उंदराचा किल्ला, त्या मोठ्या खडकावर केस विंचरत बसणाऱ्या आणि नावाड्यांना बुडवणाऱ्या बाईची गोष्ट, तिच्यावर माझा ठरलेला विनोद, त्यावर काकांचं ठरलेलं हसणं. पाहिलेलं मात्र काहीच आठवत नाही.

पुढच्या वर्षी नक्की म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. शेवटी मे महिन्यात नेली. कंपनीचा नियम असा की घरचं माणूस आणा, पण ते पाहुणा म्हणून. टूरवर बायको नाही, पाहुणा नंबर शेहेचाळीस. मी तिला सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणायचो आणि ती खाली बघून हसायची. पॅरिसला ती एकटीच फिरली, स्वित्झर्लंडला बर्फात हरेशच्या बायकोचा हात धरून चालली. एका शब्दानं बोलली नाही. कारण माझा शब्द होता. बोटीवरचे दोन तास मी तिच्या शेजारी बसणार. तिला कडेचं दिसत नाही, तेव्हा मी हनुवटी धरून मान वळवणार, हा बघ किल्ला. हनुवटी धरून, असंच म्हणालो होतो मी, स्वयंपाकघरात, आणि ती चक्क लाजली होती. पन्नाशीची बाई.

हरेशनं खुर्ची तीनचाकी टेंपोत चढवून दिली. पुढे ड्रायव्हरशेजारी त्याची गॅसची टाकी, तेव्हा मला जागा नाही. "पीछे बैठो ना साब, आपकी ही कुर्सी है," ड्रायव्हर म्हणाला. तसा मी मागे, दोरीनं बांधलेल्या आरामखुर्चीत, तोंड मागच्या बाजूला करून, राजासारखा निघालो. उल्हासनगरची दुकानं माझ्यापासून लांब लांब जाऊ लागली. वालधुनीचा पूल आला, खाली पाणी कुठल्या रंगाचं ते विचारू नका. जीन्स धुणारे, फर्निचरवाले, पापडवाले, सगळे मागे मागे. रस्त्यावरची माणसं माझ्याकडे बघून हसत होती. अंबरनाथ पश्चिमेला टेंपो वळला तेव्हा मला वाटलं डावीकडे वळतोय, आणि अंग फेकलं गेलं उलट्याच बाजूला. गच्च हात धरले खुर्चीचे. आणि तेव्हा मला कळलं. हरेशनं सांगितलं तेव्हा फक्त कानांना कळलं होतं, आता पोटात कळलं. तोंड फिरवलं की डावं उजवं होतं. एवढं पोराला कळतं. बालवाडीतल्या पोराला कळतं, संजीवनी स्वतः शिकवायची, जेवायचा हात उजवा, तोंड फिरवून उभे राहा, आता सांगा.

झालं होतं असं. नेहमी आम्ही वरच्या गावातून बोटीत चढतो आणि प्रवाहाबरोबर खाली येतो, खालच्या गावात उतरून हॉटेलात जेवतो. त्या दिवशी वरचा धक्का दुपारपर्यंत दुरुस्तीला बंद. म्हणून खालून चढायचं आणि प्रवाहाच्या विरुद्ध वर जायचं. विरुद्ध म्हणजे बोट हळू, हळू म्हणजे उशीर, उशीर म्हणजे जेवणाची वेळ टळणार. आणि मराठी माणसाला युरोपात काय वाटेल ते सहन होईल, जेवणाची वेळ टळलेली नाही. तेव्हा जेवण बोटीवर. भारतीय हॉटेलवाल्यानं डबे आणून दिले, बोटवाल्यांनी खालचा मजला दिला, आणि दोन माणसं वाढायला येणार होती त्यातला एक आलाच नाही. मग कोण? कैलास. डाळीत पळी घालून उभा. मी जिन्याशी संजीवनीला म्हणालो, "तू वर जा, कठड्याजवळ बस. डबी कानात ठेव. मी खालून सांगतो, तुझ्यासाठीच सांगतोय असं समज." ती म्हणाली, "पाच मिनिटं तरी?" मी म्हणालो, "येतो गं, वाढून झालं की लगेच येतो." तिनं डबी कानात नीट बसवली आणि जिना चढली, एकेक पायरी पायानं चाचपत. मला आठवतंय ते. कारण मागून कुणीतरी ओरडलं, "कैलासजी, कांदा-लसूण नसलेली डाळ कुठली?" आणि मी वळलो.

खालच्या खिडक्या पाण्याच्या पातळीला. बाहेर नुसतं पाणी. बोटीचा भोंगा जर्मनमध्ये किल्ल्याचं नाव घ्यायचा, नाव ओळखलं की मी माझी टेप सुरू करायचो, एका हातात माइक, एका हातात पळी. क्रम उलटा करायचा एवढी अक्कल होती. शेवटचा किल्ला आधी, आधीचा शेवटी, त्यात मी एकदाही चुकलो नाही आणि मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली. डावं-उजवं मात्र तोंडात बसलेलं. चाळीस वेळा तेच वाक्य तोंडातून गेलंय, तोंडाला डोकं लागत नाही. "डाव्या हाताला किल्ला, मंडळी, डोंगराच्या टोकावर, बघा बघा." आणि वर एक बाई मान पूर्ण वळवून डावीकडे बघतेय. तिथे डोंगर आहे. नुसता डोंगर. बाकीचे पंचेचाळीस तिच्या पाठीमागे, दुसऱ्या कठड्याशी, अहाहा करतायत, फोटो काढतायत. तिला ऐकू आलं नसेल का ते अहाहा? आलं असेल. पण कानात नवऱ्याचा आवाज आहे, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की वस्तू नाहीशी होईल आणि त्या जागी डोंगर भरला जाईल. तिनं ताळा जुळवला. दर वेळी मी सांगितलं, दर वेळी तिनं बघितलं, दर वेळी डोंगर. दोन तास. च्यायला, दोन तासांत मी एकदा, एकदासुद्धा बारा पायऱ्या चढून वर गेलो नाही. गेलो असतो तर पहिल्याच नजरेत कळलं असतं.

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीची ती लांबच लांब भिंत लागली. टेंपो संथ झाला, पुढे काहीतरी अडकलं होतं. भिंत माझ्या डाव्या हाताला होती, म्हणजे ड्रायव्हरच्या उजव्या, म्हणजे खरी कुठे? मला एकदम संताप आला. हरेशवर आला. अरे गाढवा, तेव्हाच खाली येऊन का नाही बोललास! सात महिन्यांनी खुर्ची विकताना सांगतोस! मग त्या न आलेल्या वाढप्यावर आला, कांदा-लसणीवर आला, धक्क्यावर आला. मग हिच्यावरही आला, हो, आला, खोटं कशाला बोलू. तोंड नव्हतं का हिला? संध्याकाळी बसमध्ये मी डोकी मोजत तिच्या सीटपाशी आलो तेव्हा तिनं विचारलं होतं, "किल्ले फार लांब असतात का हो?" मी म्हणालो, "छे, डोक्यावरच असतात. दिसले ना?" "दिसले," म्हणाली. "तुम्ही सांगत होतात तसेच." आणि मी, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस करत पुढे गेलो. घरी आल्यावर शेजारणींना तिनं ऱ्हाईनचं जे वर्णन केलं ते शब्दन् शब्द माझं होतं. उंदराचा किल्ला, मांजराचा किल्ला, माझा विनोदसुद्धा. मी दारात उभा राहून कौतुकानं ऐकत होतो. म्हटलं, बघा, किती लक्ष देऊन ऐकलंय. आठ दिवसांनी शाळा उघडली, आणि पहिल्याच दिवशी ती राजीनामा देऊन आली. मी म्हणालो, "अगं, तपासणी तरी करून घे आधी, सहा महिने झाले." तर म्हणाली, "डोंगराएवढं दिसत नाही, तिथे मशीनमधले ठिपके काय दिसणार?" डोंगराएवढं म्हणजे काय, हे विचारायला मला सुचलं नाही. मला वाटलं, बोलायची पद्धत.

एकदा मात्र बोलली होती. जूनमध्येच, भाजी निवडताना. "अहो, त्या नदीच्या काठाला एक माणूस दाढी करत होता. झाडाला आरसा टांगलेला. खांद्यावर लाल टॉवेल. आणि त्याच्याजवळ कुत्रा होता, तीन पायांचा. का चौथा मलाच दिसला नाही कोण जाणे." मी काय केलं असेल? हसलो. "धन्य आहे तुझी! लोक ऱ्हाईनला जाऊन किल्ले बघतात, तू दाढी बघून आलीस!" ती पण हसली आणि भाजी निवडत राहिली. झाडाला टांगलेला आरसा बोटीवरून दिसला हिला. टॉवेलचा रंग दिसला. आणि मी हसलो.

घरी पोचेपर्यंत ठरवत होतो की सांगायचं नाही. कशाला? आता शाळेत दुसरी बाई आली आहे, तक्तासुद्धा बदलला असेल. सांगून जखमेवर मीठ. त्यापेक्षा गोड बोलून डॉक्टरकडे न्यावं, ते सांगतील की ताई, तुमचं बरंच शाबूत आहे, ती खूश होईल, आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहील. कुळगावच्या फाट्यापर्यंत हा बेत मला फार आवडला. मग वाटलं, आणि डॉक्टरांनी तसं नाही सांगितलं तर? वर्ष झालं, तपासणी नाही. थेंब घालते का, तेही मी विचारलेलं नाही. हेंद्रेपाड्याला उतरेपर्यंत माझं डोकं नुसतं सुपारीसारखं कातरलं गेलं होतं.

ड्रायव्हरनं आणि मी खुर्ची पहिल्या मजल्यावर चढवली. ती दारात उभी. "हे काय आणलंत?" "तुझ्यासाठी." "एवढी मोठी?" तिनं हात फिरवला, कड चाचपली, मग गॅलरीत ठेवल्यावर बसली. पाठ टेकली. "छान आहे हो," म्हणाली, अगदी तोंडदेखलं नाही, खरंच, आणि पाय वर घेतले. दुपारचं ऊन तिच्या पायांवर आलं. तेवढ्यात मला दिसलं की ही आता इथून उठणार नाही. पुढची वीस वर्षं इथेच बसून वाटाणे सोलणार, मीच आणलेल्या खुर्चीत. ड्रायव्हर गेला. मी दार लावलं, प्लॅस्टिकची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "हरेश भेटला. तो म्हणाला, मी बोटीवर डावं-उजवं उलटं सांगत होतो."

"म्हणजे?" ती म्हणाली.

"बोट उलट्या दिशेनं चालली होती ना. मी नेहमीचंच बोलत गेलो. खाली होतो, मला बाहेरचं दिसत नव्हतं. डाव्या हाताला म्हणालो तेव्हा किल्ला उजव्या हाताला होता."

"सगळे?"

"सगळे."

"उंदराचा पण?"

"तोही."

"ती केस विंचरणारीचा खडक?"

"तोही, संजीवनी."

"म्हणजे मी बघत होते तिथे किल्ला नव्हताच." ती प्रत्येक शब्द वेगळा बोलत होती, वर्गात बोलायची तसा. "तिथे डोंगर दिसत होता. तो डोंगर खरा होता."

"खरा होता."

तिनं पाय खाली घेतले. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं ते मला येतं. ती म्हणाली, "मी शाळा सोडली हो." मग पुन्हा, मोठ्यानं, "मी शाळा सोडली! क चा तक्ता नव्या बाईच्या हातात दिला आणि म्हटलं, याची घडी घालू नका, फाटेल. रोज सकाळी मधल्या सुट्टीची घंटा ऐकते मी इथून. माझी पोरं पटांगणात ओरडतात आणि मी कान बंद करून बसते. का, तर मला किल्ला दिसला नाही. आणि किल्ला कुठे होता, तर माझ्या पाठीमागे!"

"माझं चुकलं."

"एकदा वर यायचं होतंत. पाच मिनिटं. पाच मिनिटं मागितली होती मी."

"जेवण वाढायला माणूस..."

"आग लागो तुमच्या त्या जेवणाला!" एवढ्या मोठ्यानं ती आमच्या लग्नात कधी बोलली नव्हती. समोरच्या इमारतीतल्या बाईनं कपडे वाळत घालता घालता वळून पाहिलं. "मला कळत होतं सगळे दुसरीकडे बघतायत. फोटो काढतायत. एकदा वाटलंही, वळून बघावं. पण कानात तुम्ही होतात. बघा बघा, डाव्या हाताला, किती सुंदर. मी म्हटलं, हे खोटं कसं सांगतील? माझेच डोळे खोटे."

मी बोलायला लागलो. काय काय बोललो. आत्ता डॉक्टरांना फोन करतो. शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटतो, मी समजावून सांगतो त्यांना, माझी त्यांच्या यजमानांशी ओळख आहे. मे महिन्यात पुन्हा नेतो, टूर नको, आपण दोघंच, मी खरंच शेजारी बसेन. माझा आवाज मला ऐकू येत होता, तोच बसमधला, गोड, समजुतीचा, वाद मिटवणारा. "तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "शाळेत नको, डॉक्टरांशी नको. तुम्ही जरा वेळ बोलूच नका."

ती आत गेली. मोरीत तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. कपाटातून जुनी फाइल काढली, डोळ्यांची, पिशवीत घातली. पाय चपलांत सरकवले. शाळा सोडल्यापासून एकटी खाली उतरली नव्हती.

"कुठे?"

"दवाखाना चारला उघडतो. नंबर लावते."

"मी येतो."

"तुम्ही बसा खुर्चीत. एवढी आणलीत." दारात ती थांबली. तोंड माझ्याकडे नव्हतं. "तो कुत्रा तीनच पायांचा होता," म्हणाली. आणि जिना उतरली. मी पायऱ्या मोजल्या, चाचपत उतरत होती, पण थांबत नव्हती.

मी गॅलरीत धावलो. खाली फाटकातून ती बाहेर आली. हिरवी साडी, काखेत पिशवी. आमच्या समोरचा रस्ता म्हणजे काय सांगायचं, शाळा सुटायची वेळ, रिक्षा, पाण्याचे टँकर, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि एक रिक्षा वळणावरून सुसाट येताना मला दिसली. मी कठडा धरला. तोंड उघडलं. डावीकडे, म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं होतं. आणि मला कळेना, माझं डावं की तिचं, ती माझ्याकडे पाठ करून आहे की तोंड करून, मी कुठे बघतोय. एवढंसं ते, आणि मला सांगता येईना. "संजीवनी!" एवढंच ओरडलो. तिनं वर पाहिलं नाही. फक्त हात वर केला, वर्गात गडबड करणाऱ्या पोराला गप्प करावं तसा. मग तिनं मान वळवली, पूर्ण, खांद्यापर्यंत, एका बाजूला. रिक्षा गेली. मग पूर्ण दुसऱ्या बाजूला. टँकर गेला. मग पुन्हा पहिल्या बाजूला, अगदी सावकाश, एकेक इंच बघत, एकोणीस वर्षं पोरांना शिकवलं तसं.

आणि ओलांडला तिनं रस्ता. ती पलीकडे पोचली तरी माझं तोंड उघडंच होतं.